शंटिंगचं इंजिन

रेल्वे म्हटलं, की आपल्याला आठवते ती डेक्कन क्वीन, नाहीतर फलाट हादरवत निघून जाणारी एखादी मेल. शंटिंगचं इंजिन कुणालाच आठवत नाही. यार्डात दिवसभर मागेपुढे करणारं, चार वाघिणी इकडच्या तिकडे लावणारं, सगळ्या गाड्या मार्गी लावून स्वतः कुठेच न जाणारं. आज मला त्या इंजिनाबद्दल बोलायचं आहे. तेही खऱ्या नव्हे, हातात मावणाऱ्या छोट्या इंजिनाबद्दल.

१९९६ साली मी नोकरीनिमित्त अमेरिकेत, ओहायो राज्यात राहत होतो. त्या हिवाळ्यात माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. वय एकाहत्तर. आयुष्य गेलं रेल्वेत, एका मोठ्या जंक्शनच्या यार्डात शंटिंग जमादार म्हणून. बाहेर गुडघाभर बर्फ, ओळखीचं माणूस नाही, चालत जावं असं दुकान नाही. पंधरा दिवसांत अण्णा गप्प झाले. खिडकीपाशी बसायचे आणि रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारी मोजायचे. एकदा तर म्हणाले, "अरे, माझं परतीचं तिकीट अलीकडचं मिळतं का बघ."

आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहायचे. तेही रेल्वेतलेच, मालगाडीवर ब्रेकमन होते. त्यांच्या तळघरात छोट्या रेल्वेचा पसारा होता. त्याला तिकडे 'लेआउट' म्हणतात. अमेरिकेत हा छंद घरोघरी नसला, तरी गावोगावी आहे. तिथलं सर्वांत लोकप्रिय माप म्हणजे 'एचओ', खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं. रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. मी ठरवलं, आपल्याही तळघरात अण्णांसाठी असं काहीतरी करू या.

जागा थोडी होती, म्हणून एका फळीवर तीन सायडिंगांचं यार्ड केलं. ही मांडणी ॲलन राइट या इंग्रज छांदिष्टाची, तिला 'इंगलनूक' म्हणतात. एका सायडिंगमध्ये पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोनांत तीन तीन. पुढच्या तुकड्यावर इंजिन आणि तीनच वाघिणी मावतात. एकूण वाघिणी आठ. चिठ्ठ्या टाकून पाच वाघिणी निवडायच्या आणि चिठ्ठ्या निघाल्या त्याच क्रमानं त्यांची गाडी लावायची. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण आठातून पाच, तेही क्रमानं, म्हणजे ६७२० वेगवेगळ्या गाड्या होतात. रोज एक लावली, तरी अठरा वर्षं पुरतील.

फळी झाली, रूळ झाले. इंजिन आणायला मी एकटाच दुकानात गेलो आणि नवशिक्या जी चूक करतो तीच केली. दिसायला देखणं, लांबलचक, सहा आसांचं, मुख्य मार्गावर मालगाडी ओढणारं इंजिन उचलून आणलं. अण्णा ते पाहून खूश होतील असं वाटलं होतं. त्यांनी ते हातात घेतलं, फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे. पण हे शंटिंगचं नाही."

पाच मिनिटांत त्याचा प्रत्यय आला. इंजिनच साडेनऊ इंच लांब. त्यामुळे पुढच्या तुकड्यावर तीन वाघिणींऐवजी दोनच मावू लागल्या आणि कोडं सुटेनासं झालं. लहान सांध्यांच्या तीव्र वळणावर सहा आसांची चाकं कुरकुरत रूळ सोडायची. आणि मुख्य म्हणजे त्याला हळू चालणं ठाऊकच नव्हतं. बटण थोडं फिरवलं तर जागचं हलायचं नाही, आणखी थोडं फिरवलं तर उडी मारून वाघिणींवर आदळायचं. तसं ते आदळलं, की अण्णा डोळे मिटून घ्यायचे. त्यामागचं कारण मला तेव्हा कळलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी अण्णांना आणि शेजाऱ्यांना घेऊनच दुकानात गेलो. शंटिंगचं इंजिन कसं निवडावं, हे मी त्या दिवशी शिकलो.

पहिला प्रश्न काळाचा. आपलं यार्ड कोणत्या वर्षातलं, हे आधी ठरवायचं. १९२० ते ४०चं असेल, तर तीन जोड्या मोठ्या चाकांचं वाफेचं शंटर शोभतं. पण त्याचे दांडे, त्याचा टेंडर, सगळंच नाजूक. नवशिक्यानं तिथून सुरुवात करू नये. पन्नासच्या दशकातलं यार्ड असेल, तर डिझेलमध्ये निवडीला भरपूर वाव. जनरल मोटर्सच्या इलेक्ट्रोमोटिव्ह विभागाचं ६०० अश्वशक्तीचं 'एसडब्ल्यू-१', १२०० अश्वशक्तीचं 'एसडब्ल्यू-९', किंवा आल्को कंपनीचं १००० अश्वशक्तीचं 'एस-२'. या सगळ्यांत चालकाची खोली एका टोकाला आणि पुढे लांब नाक.

अण्णांचं लक्ष मात्र एका वेगळ्याच इंजिनानं वेधलं. खोली बरोबर मधोमध, दोन्ही बाजूंना आखूड नाकं. जनरल इलेक्ट्रिकचं '४४ टनी'. "यातून दोन्हीकडचं दिसतं," अण्णा म्हणाले. या ४४ टनांमागेही एक गोष्ट आहे, ती शेजाऱ्यांनी सांगितली. १९३७मध्ये अमेरिकेत रेल्वे आणि कामगार संघटना यांच्यात करार झाला, की चालक चाकांवर ९०,००० पौंडांहून जास्त वजन असेल, तर डिझेल इंजिनावरही चालकाबरोबर फायरमन हवा. म्हणून कंपनीनं इंजिन केलं ४४ टनांचं, म्हणजे ८८,००० पौंड. एका माणसाचा पगार वाचला. मी हे अण्णांना मराठीत सांगितलं, तर ते हसले. म्हणाले, "म्हणजे साहेब लोक सगळीकडे सारखेच." याच कंपनीची अशीच छोटी डिझेल इंजिनं दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस भारतातही आली. आपल्याकडे त्यांच्या वर्गाला 'डब्ल्यूडीएस-१' म्हणत. त्यातला 'डब्ल्यू' ब्रॉडगेजचा, 'डी' डिझेलचा आणि 'एस' शंटिंगचा.

दुसरा प्रश्न विजेचा, आणि तोच खरा. छोटं इंजिन वीज घेतं रुळांतून, चाकांवाटे. सांध्याच्या मधोमध, जिथे एक रूळ दुसऱ्याला छेदतो, तिथे बहुधा प्लॅस्टिकचा तुकडा असतो. तिथे वीज नसते. इंजिनाची सगळी चाकं वीज घेणारी असतील आणि इंजिन पुरेसं लांब असेल, तर एक चाक त्या तुकड्यावर असताना बाकीची काम चालू ठेवतात. इंजिन आखूड असेल किंवा निम्मीच चाकं वीज घेत असतील, तर ते तिथेच थबकतं. वेगात असलं तर ओलांडून जातं. पण शंटिंगचं इंजिन वेगात नसतंच. दुकानातलं ते ४४ टनी आम्ही सांध्यावरून हळू चालवून पाहिलं. चारदा गेलं, चारपैकी तीनदा थबकलं. अण्णांनी ते नाइलाजानं परत कपाटात ठेवायला दिलं.

तिसरा प्रश्न हळू चालण्याचा. शेजाऱ्यांनी खिशातून घड्याळ काढलं. त्यांचं गणित साधं होतं. वाघिणींना जोडायला जाताना खरं इंजिन माणसाच्या चालीनं जातं, ताशी पाच किलोमीटर. एचओ मापात त्या चालीनं एक फूट रूळ कापायला सुमारे १९ सेकंद लागतात. इंजिन न अडखळता, न थरथरता एका फुटाला १९ सेकंद घेत असेल, तर ते शंटिंगचं. त्यासाठी आत चांगली मोटर हवी, वेग कमी करणारे दात्यांचे संच नीट बसलेले हवेत, मोटरच्या दांड्यावर जड चक्र असेल तर उत्तम, आणि अंगात वजन हवं. हलकं इंजिन नुसती चाकं फिरवत राहतं. त्या परीक्षेत १२०० अश्वशक्तीचं 'एसडब्ल्यू-९' उतरलं. लांबी सहा इंच, चार आस, आठही चाकांतून वीज. किंमत माझ्या अंदाजापेक्षा जास्त होती. पण आधीचं इंजिन दुकानदारानं थोडा तोटा लावून परत घेतलं.

घरी येऊन यार्ड सुरू झालं. रोज संध्याकाळी शेजारी यायचे. ते इंजिन चालवायचे आणि अण्णा हातात टॉर्च घेऊन इशारे द्यायचे. टॉर्चच्या काचेला हिरवा कागद लावलेला. पहिल्या दिवशी मोठी गंमत झाली. अण्णा टॉर्च आडवा हलवून इंजिनाला बोलवायचे आणि शेजारी इंजिन थांबवायचे. अण्णा पुन्हा हलवायचे, ते पुन्हा थांबवायचे. दोघंही चिडले. शेवटी उलगडा झाला. आपल्याकडे शंटिंग करताना हिरवा दिवा अंगासमोर आडवा हलवला, तर त्याचा अर्थ 'माझ्याकडे ये'. अमेरिकेत दिवा रुळाला आडवा हलवला, की त्याचा अर्थ 'थांब'. दिवा वरखाली हलवणं मात्र दोन्हीकडे चालण्याचंच. एकमेकांची भाषा न येणारे दोन म्हातारे त्या रात्री अकरापर्यंत एकमेकांना दिव्यांची भाषा शिकवत बसले होते. परतीच्या तिकिटाचा विषय त्यानंतर निघाला नाही.

एके रात्री शेजारी गेल्यावर अण्णा एका वाघिणीची कडी न्याहाळत होते. अमेरिकेत कड्या आपोआप जोडल्या जातात, वाघिणी भिडल्या की झालं. १८९३मध्ये तिथे कायदाच झाला, की माणसाला डब्यांच्या मध्ये जावं लागू नये. आपल्याकडे अण्णांच्या काळात दोन बफरांच्या मध्ये शिरून, साखळी उचलून, स्क्रू आवळावा लागे. अण्णा म्हणाले, "माझ्याबरोबर एक पॉइंट्समन होता. माझ्याच वयाचा. पावसाची रात्र होती. तो आत होता आणि इंजिननं हिसका दिला. हातभरच हललं असेल." पुढे ते काही बोलले नाहीत. चूक कुणाची, दिवा कुणी दाखवला, मीही विचारलं नाही. लहानपणी दोन वर्षं आमच्या घरी दर महिन्याला एक बाई येत आणि आई त्यांना पाकीट देत असे, त्या कोण होत्या, हे मला त्या रात्री कळलं. थोड्या वेळानं अण्णाच म्हणाले, "इंजिन कसं पळतं, ते कुणीही बघेल. तू ते कसं भिडतं ते बघत जा."

अण्णा मार्चअखेर परत गेले. २००४मध्ये ते वारले. मी पुण्याला परतलो, तेव्हा ती फळी आणता आली नाही. पण इंजिन आणि आठ वाघिणी आणल्या. नवी फळी इथे सुताराकडून करून घेतली.

आता काळ बदलला आहे. रुळांतून वीजही जाते आणि आज्ञाही, प्रत्येक इंजिन वेगळं चालवता येतं, त्याचा आवाजही ऐकू येतो. क्षणभर वीज साठवणारे छोटे भागही आत बसवता येतात, त्यामुळे ते आखूड ४४ टनीसुद्धा आज सांध्यावर थबकणार नाही. तरीही कुणी सल्ला विचारला, तर मी त्याच तीन गोष्टी सांगतो. यार्डाचा काळ ठरवा. सगळी चाकं वीज घेतात का, ते पाहा. आणि विकत घेण्याआधी, एका फुटाला किती सेकंद लागतात, ते घड्याळ लावून मोजा. रंग आणि आवाज त्यानंतर. आणखी एक, इंजिन चांगलं असून गाडी रूळ सोडत असेल, तर दोष वाघिणींच्या वजनात शोधा. तिथल्या छांदिष्टांच्या संघटनेचं प्रमाण आहे, एचओमध्ये एक औंस, अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. आणि रूळ स्वच्छ ठेवा. मळलेल्या रुळावर महागातलं महाग इंजिनही अडतं.

पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. परवा नातवाला घेऊन गेलो होतो. मुलं साहजिकच पळणाऱ्या गाडीमागे धावत होती, नातूही धावला. घरी आल्यावर म्हणाला, "आजोबा, तुमचं इंजिन फास्ट का जात नाही?" मी त्याच्या हातात बटण दिलं, दिवा मी घेतला आणि म्हटलं, "चल, त्या तीन वाघिणींना लाव. पण आवाज होता कामा नये."

सात वेळा आवाज झाला. आठव्या वेळी झाला नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)