मोहल्ल्याचे बारा महिने

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणावर चार शब्द बोलावेत म्हणून आपण मला येथे बोलावले, याबद्दल मी आपला आभारी आहे. मी शिक्षक नाही. एका मोहल्ल्यातील रहिवासी संघाचा मी बरीच वर्षे चिटणीस आहे. गटार, दिवा, नळ, दाखला आणि वर्गणी हे माझे विषय. शिक्षणाच्या मेळाव्यात या माणसाचे काय काम, असे कुणाला वाटले तर त्यात गैर काही नाही. परंतु मूल शाळेत पाच-सहा तास असते आणि उरलेले अठरा तास मोहल्ल्यात असते. गुरुजनांनी जे पेरले ते मोहल्ल्यात एक तर रुजते, नाही तर करपून जाते. म्हणून मोहल्ल्याच्या वर्षभराच्या कामाविषयी मी आज आपल्याशी बोलणार आहे.

सुरुवातीलाच एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी आमच्या संघाची वार्षिक सभा भरली होती. अहवाल मीच वाचला. ईद मिलनाचा कार्यक्रम थाटात झाला, क्रिकेटचे सामने झाले, गुणवंतांना बक्षिसे दिली, मंडपाचा खर्च देणगीतून निघाला, वगैरे वगैरे. टाळ्या पडल्या. सभा संपत आली असता पडद्यापलीकडून एका बाईंची चिठ्ठी आली. तिच्यात लिहिले होते, "शाळेकडे जाणाऱ्या गल्लीतला दिवा दीड वर्ष बंद आहे. संध्याकाळी मुलगी शाळेतून परत येईपर्यंत जिवाला घोर लागतो. म्हणून आठवीनंतर मी तिला घरी बसवले. हे आपल्या अहवालात का नाही?"

मी ती चिठ्ठी मोठ्याने वाचली आणि माझी मान खाली गेली. दिव्याची तक्रार आम्ही केली नव्हती असे नाही. कुणी वायरमनला सांगितले होते, कुणी रस्त्यात भेटलेल्या नगरसेवकाच्या कानावर घातले होते. पण सारे तोंडी. दफ्तरात अर्ज नाही, अर्जाची पोच नाही, ठराव नाही. दुसऱ्याच आठवड्यात आम्ही लेखी अर्ज दिला, त्यावर आवक क्रमांक घेतला आणि दर आठ दिवसांनी दोघेजण त्या क्रमांकाची चौकशी करू लागलो. तीन आठवड्यांत दिवा लागला. जे तीन आठवड्यांचे काम होते, त्याला आम्ही दीड वर्ष लावले होते. ती मुलगी पुढच्या वर्षी नववीत बसली. तिच्या आगेमागे त्याच गल्लीतल्या आणखी दोन मुली घरी बसल्या होत्या. त्या मात्र शाळेत परत आल्या नाहीत. त्यांच्या घरच्यांनी तोवर दुसरा विचार केला होता.

बंधुभगिनींनो, त्या दोन मुलींचा हिशेब कोणत्याही वहीत नाही. पण तो आमच्या नावावर मांडलेला आहे असे मी मानतो.

त्या दिवसापासून आम्ही एक जाडजूड नोंदवही घातली. आपल्या धर्मात लिहिण्याला किती मान आहे, हे आपण सर्व जाणता. पहिला आदेश आला तोच वाचनाचा. परंतु कुरआन शरीफमधील सर्वांत लांब आयत कोणत्या विषयावर आहे, हे मुलांना विचारून पाहा. ती सूरह बकरामध्ये आहे आणि देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत, असा तिचा विषय आहे. चौदाशे वर्षांपूर्वी ही शिकवण मिळालेली आपली जमात आज वर्गणीचा हिशेब विचारला की रागावते. "आमच्यावर विश्वास नाही काय?" असा उलट प्रश्न येतो. विश्वास आहे म्हणूनच तर पैसे दिले. वर्गणी ही अमानत आहे, आणि अमानत लिहिलेली असली की घेणारा आणि देणारा दोघेही सुखाने झोपतात.

आता संघाचे वर्ष कसे जाते ते थोडक्यात सांगतो. आपल्या मोहल्ल्यात संघ असेल तर ताडून पाहा, नसेल तर उभा करा.

३१ मार्चला आमचे आर्थिक वर्ष संपते. एप्रिलमध्ये जमाखर्च तपासनिसाकडे जातो आणि तपासलेला हिशेब मशिदीबाहेरच्या फळ्यावर लागतो. आमचा संघ १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेला आहे. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावे लागते. पुष्कळ संस्था येथेच चुकतात. मयत झालेले विश्वस्त कागदोपत्री वर्षानुवर्षे अध्यक्ष राहतात आणि मग बँकेतला पैसा अडकून पडतो. आणखी एक पथ्य आम्ही पाळतो. जकातीचा पैसा कुणाला द्यावा हे शरीयतने ठरवून दिले आहे. म्हणून तो गटार आणि मंडप यांच्या खात्यात मिसळत नाही. त्याची वही वेगळी.

मे महिना गटारांचा. पावसाआधी गाळ निघाला नाही तर जूनमध्ये शाळा सुरू होते आणि त्याच आठवड्यात घरात पाणी शिरते. नवी कोरी पुस्तके भिजतात. ज्या बापाने उसनवारी करून ती घेतलेली असतात, तो दुसऱ्यांदा घेऊ शकत नाही. त्यामुळे एप्रिलच्या शेवटी अर्ज, मेच्या मध्यावर पाहणी आणि काढलेला गाळ काठावरच पडून राहिला तर पुन्हा अर्ज, असा आमचा क्रम आहे.

जून महिना दाखल्यांचा. येथे पालकांनी विशेष लक्ष द्यावे. १९६९ च्या कायद्यानुसार जन्माची खबर २१ दिवसांच्या आत द्यावी लागते. रुग्णालयात जन्म झाला तर रुग्णालय ती कळवते आणि आपण निर्धास्त होतो. परंतु आपल्याकडे बाळाचे नाव बहुधा सातव्या दिवशी, अकीक्याच्या वेळी ठेवतात. बाळ-बाळंतीण तोवर घरी आलेली असतात आणि रुग्णालयाने पाठवलेल्या नोंदीत नावाची जागा कोरीच राहते. मूल पहिलीत जाण्याची वेळ आली की घरात धावपळ उडते. नाव बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येते. त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येते. २०२३ मध्ये हा कायदा बदलला. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेश, मतदार यादी, वाहन परवाना, सरकारी नेमणूक अशा कामांसाठी जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा पुरावा धरला जातो. म्हणजे आज कोरी राहिलेली एक ओळ मुलाला पुढे जन्मभर अडवू शकते.

नावाच्या अक्षरांचेही तसेच. जन्मदाखल्यावर मोहम्मद, शाळेत मुहम्मद आणि आधार कार्डावर नुसते 'मो.' असे तीन अवतार एकाच मुलाचे आम्ही पाहिले आहेत. मुलगा हुशार, गुण चांगले, आणि अर्ज मात्र परत. आमच्या संघातर्फे जूनमध्ये दोन रविवार फक्त याच कामाला दिले जातात. लिहिता-वाचता येणारी मुले टेबलावर बसतात, पालक कागद घेऊन येतात आणि चूक बालपणीच दुरुस्त होते.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्याकडे लक्ष ठेवावे लागते. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच वाढतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस पिंपे, टाक्या, फुलदाण्या कोरड्या करण्याचे काम बायका आणि मुले मिळून करतात. त्याच काळात आम्ही महापालिकेच्या शाळेतही जातो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने अशा शाळांना व्यवस्थापन समिती दिली आहे. तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्मे सभासद महिला असावेत, असा नियम आहे. आपले किती पालक त्या बैठकीला जातात? शाळेला नावे ठेवायला सारे पुढे, आणि जेथे आपले म्हणणे लिहून घेतात तेथे आपली खुर्ची रिकामी!

पावसाळा सरला की मतदार यादीचे काम हाती घेतो. पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख धरून अठरा वर्षे मोजत. २०२२ पासून जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या चारही महिन्यांची पहिली तारीख धरली जाते आणि सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. संघ कोणत्याही पक्षाचा प्रचार करीत नाही. परंतु लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव यादीत आले की नाही, मयताचे नाव निघाले की नाही, हे घरोघर जाऊन पाहतो.

जानेवारी-फेब्रुवारीत दहावी-बारावीच्या मुलांसाठी संघाची खोली रात्री उघडी ठेवतो. ज्यांच्या एका खोलीत सातजण झोपतात, त्यांना दिवा लावून बसायला जागा हवी. त्या दिवसांत लग्नेही असतात. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद ठेवण्याचा नियम २००० सालापासून आहे, पण त्याची आठवण करून द्यायला शेजाऱ्यानेच जावे लागते. प्रथम आम्हाला शिव्या मिळाल्या. आता पत्रिकेबरोबरच नवरदेवाचे वडील सांगून जातात, "चिटणीससाहेब, दहाला बंद करतो."

रमजानचा महिना मात्र या तक्त्यात एका जागी बसत नाही. हिजरी वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे तो दर वर्षी अलीकडे येतो, कधी परीक्षेत, कधी पावसाळ्यात. म्हणून संघाचा तक्ता दर वर्षी नव्याने बसवावा लागतो. गेल्या वर्षीचा पुठ्ठ्याला चिकटवून चालत नाही.

ही सगळी कामे क्षुल्लक वाटतील. ती किती मोलाची आहेत हे वाईट वेळ आली म्हणजे कळते. भिवंडीने १९७० आणि १९८४ मध्ये भीषण दंगली पाहिल्या. १९८८ च्या सुमारास तेथे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. हिंदू-मुसलमान रहिवासी आणि पोलीस वर्षभर एकत्र बसू लागले आणि परस्परांना नावाने ओळखू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत जे झाले ते आपल्याला माहीत आहे. श्रीकृष्ण आयोगाने त्या दंगलींतील मृतांची संख्या ९०० नोंदवली. त्याच दिवसांत भिवंडी शांत राहिली. आग लागल्यावर विहीर खणता येत नाही. भिवंडीकरांनी ती आधी खणून ठेवली होती.

यातून आम्ही एक गोष्ट घेतली. आमच्या गल्लीच्या टोकाला हिंदू बांधवांची चाळ आहे. गटार एकच आहे, त्याला जात-धर्म नाही. आता मेमधल्या अर्जावर दोन्हीकडच्या सह्या असतात. सूरह निसामध्ये जवळच्या आणि दूरच्या, दोन्ही शेजाऱ्यांशी चांगले वागण्याचा हुकूम आहे. त्याचे पालन गटाराच्या अर्जापासून सुरू करता येते, असा माझा अनुभव आहे.

माता-भगिनींनो, आमच्या कार्यकारिणीत आता स्त्रिया आहेत आणि त्या चिठ्ठी पाठवीत नाहीत, उभ्या राहून बोलतात. आम्ही पुरुष वर्षानुवर्षे मंडपाच्या कापडावर वाद घालीत होतो. कोणत्या गल्लीत मुलगी घाबरते आणि कोणत्या नळाला पहाटे चारला पाणी येते, हे आम्हाला ठाऊकच नव्हते.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटचे मागणे तुमच्याकडे आहे. तुमच्यापैकी ज्याचे अक्षर चांगले आहे, त्याने आपल्या मोहल्ल्याच्या सभेत कागद-पेन्सिल घेऊन बसावे. कोण काय बोलला, काय ठरले, कोण करणार आणि केव्हा करणार, एवढे लिहावे. पुढच्या सभेत ते वाचून दाखवावे. वडीलधारी मंडळी प्रथम हसतील, मग चिडतील आणि नंतर कामाला लागतील. आमच्याकडे अगदी असेच झाले.

आणि पालकहो, आपल्या संघाचा पुढचा वार्षिक अहवाल ऐकाल तेव्हा टाळ्या वाजवण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारा. यंदा आपल्या मोहल्ल्यातली किती मुले-मुली शाळेतून घरी बसली आणि का? उत्तर वहीत नसेल तर अहवाल अपुरा आहे, मग मंडप कितीही शोभिवंत असो.

आमच्या नोंदवहीचे पहिले पान त्या बाईंच्या चिठ्ठीचे आहे. ती चिठ्ठी आम्ही तेथे चिकटवून ठेवली आहे. दर वर्षी नव्या चिटणिसाने प्रथम ती वाचावी असा ठराव झाला आहे. मी यंदा निवृत्त होत आहे. माझ्या जागी येणारी मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. शाळेत असताना ती त्याच गल्लीतून जात असे.