परतीची वाट
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



करोनाच्या महामारीविषयी पुष्कळ बोलून झाले आहे. कोणाच्या घरातले कोण गेले, हे या मंडपातील प्रत्येकास ठाऊक आहे. आम्ही आज बोलणार आहोत ते तिच्यातून परतण्याविषयी. घरे बंद करणे एका रात्रीत होते. २४ मार्च २०२० च्या रात्री ते झालेच. परंतु उघडताना कोणते दार आधी आणि कोणते मागून, याला विवेक लागतो.

३१ मे २०२० रोजी त्या वेळचे मुख्यमंत्री श्री. उद्धव ठाकरे यांनी या परतीस 'पुनश्च हरिओम' असे नाव दिले. शब्द लोकमान्यांचे. प्लेगच्या दिवसांतील 'केसरी'मधील लिखाणाबद्दल कारावास भोगून आल्यावर १८९९ साली त्यांनी याच मथळ्याखाली पुन्हा लेखणी उचलली. प्लेग तेव्हा सरला नव्हता, आणि २०२० च्या जूनमध्ये करोनाही सरला नव्हता. साथ अंगणात असतानाच दार उघडायचे होते.

पहिले दार पोटाचे. ते आधी उघडले, हे योग्यच झाले. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ थकून रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडले. माणसे मध्य प्रदेशची, राबणारी आपल्या जालन्याच्या पोलाद उद्योगात, आणि भुसावळहून गाडी मिळेल या आशेने पायी निघालेली. रोजगार थांबला की हातावर पोट असणाऱ्याची काय गत होते, याचा याहून दारुण दाखला कोणता द्यावा?

दुसरे दार समारंभांचे. पन्नास माणसांत लग्ने उरकण्याचा नियम झाला तेव्हा कित्येकांना तो अपमान वाटला. पण अंगणात, चार नातलगांच्या साक्षीने लागलेल्या त्या लग्नांनी किती वधूपित्यांचे शेत वाचविले, याचा हिशेब कोणी मांडला आहे काय? २ जानेवारी २०२१ रोजी लसीकरणाची रंगीत तालीम झाली. तिच्यात पुणे, नागपूर व नंदुरबार यांच्याबरोबर आपला जालना जिल्हाही होता. संकट टळलेच अशा समजुतीने पुन्हा वाजंत्री, पुन्हा पंगती सुरू झाल्या. लग्नांमुळेच दुसरी लाट आली असे आम्ही म्हणत नाही. विषाणूनेही रूप पालटले होते. परंतु त्याची वाट आपण सोपी केली, आणि एप्रिलमध्ये पुन्हा दारे लावावी लागली.

तिसरे दार शाळेचे. ते सर्वांत शेवटी उघडले, आणि याचेच आम्हां शिक्षकांस दुःख आहे. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून, पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ पासून सुरू करण्याचे ठरले. दुसऱ्या लाटेत तेही बंद पडले. खेड्यांतील पहिली ते चौथीचे वर्ग उघडण्यास १ डिसेंबर २०२१ उजाडला. म्हणजे जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल वर्गात प्रथम बसले ते दुसरीचे अर्धे वर्ष सरल्यावर! शिक्षण मोबाईलवरून चालू होते, असे म्हणतात. ज्या घरात एकच मोबाईल आणि तोही बापाबरोबर उसाच्या फडात, त्या घरात ते कसे चालले असेल? निवृत्तीनंतर आम्ही लिंबाखाली, अंतर राखून, आठ-दहा मुले बसवीत असू. मुले हुशार होती, कवितांच्या चाली त्यांना येत होत्या. पण पाटीवर 'क' काढताना हात थबकत असे. बोटांना वळणच नव्हते.

आजारापासून लहानांना जपणे गैर नव्हते, आणि त्या वेळी निर्णय घेणे सोपेही नव्हते. परंतु मंगल कार्यालयाचे दार उघडे आणि बालवर्गाचे बंद, हा क्रम कोणत्या विवेकात बसतो?

ती मुले आज वरच्या वर्गांत आहेत. पाठ्यपुस्तक अडखळत वाचणारे मूल कोणाच्या घरी असेल, तर लपवू नका. दोष मुलाचा नाही. उन्हाळ्याच्या सुटीत आपल्या मंडळाने वाचनवर्ग चालवावेत, अशी आमची सूचना आहे. जागा देवळाची चालेल, फळा आम्ही आणू. ज्या सेवानिवृत्त बंधुभगिनींना दोन तास देता येतील, त्यांनी भोजनापूर्वी चिटणिसांकडे नावे नोंदवावीत. आमचे नाव आम्ही सकाळीच दिले आहे.