नकाशात आपलं गाव कुठंय?

हेडफोन लावलेत ना? आज शाळेबद्दल बोलूया, पहिली ते चौथीच्या.

गेल्या महिन्यात ताईबरोबर भाचीच्या ॲडमिशनसाठी एका शाळेत गेलो होतो. नावात 'इंटरनॅशनल', भिंतीवर जगाचा भलामोठा नकाशा. भाचीने विचारलं, "मामा, यात आपलं गाव कुठंय?" समोरच्या मॅडम हसून म्हणाल्या, "बेटा, इथे मराठी नाही बोलायचं हं." पोरगी जी गप्प झाली, ती घरी येईपर्यंत. रात्री ताई म्हणाली, "फी कशीतरी भरू रे. पण तिथे नाही घातलं, तर ही मागे पडेल का?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून वाचायला बसलो.

'इंटरनॅशनल' म्हटलं की आपल्याला आयबी आठवतं, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट. ही संस्था १९६८ साली जिनिव्हात सुरू झाली. तिचा प्राथमिक शाळेसाठीचा कार्यक्रम १९९७ पासूनचा, ३ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी. त्यात 'आपण कोण आहोत', 'जग कसं चालतं' असे सहा मोठे विषय असतात. भाषा, गणित, विज्ञान त्यांच्याभोवती गुंफायचं आणि मुलांनी प्रश्न विचारत शिकायचं. आणि गंमत ऐका, घरची भाषा जपा, असं हीच आयबी सांगते! दुसरी भाषा शिकायची, पण पहिली पुसून नाही.

मग मराठी बोलू न देणारी शाळा इंटरनॅशनल कशी?

आता सोलापूर जिल्ह्यात या. माढा तालुका, परितेवाडी, जिल्हा परिषदेची शाळा. रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, ते तुम्हाला आठवत असेल. त्यांनी केलं काय? मुलांच्या घरी कन्नड बोलली जायची, म्हणून पुस्तकातला मजकूर त्या भाषेत आणला. पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. भारत-पाकिस्तानसारख्या एकमेकांशी वैर असलेल्या देशांतल्या मुलांना ऑनलाइन एकमेकांशी बोलायला लावलं. आणि १० लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून टाकली. बघा, सुरुवात घरच्या भाषेपासून झाली, सीमा नंतर ओलांडली.

सगळ्याच सरकारी शाळा अशा आहेत, असं मी म्हणत नाही. कुठे शिक्षक कमी, कुठे नेटच नाही. पण जगाची ओळख करून द्यायला लाखाची फी लागतेच, असंही नाही.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला कांदे-बटाटे पोहे होते. भाचीला म्हटलं, "यातलं परदेशातून काय आलं, सांग." बटाटा, मिरची, शेंगदाणे, तिन्ही मूळचे अमेरिका खंडातले. 'बटाटा' हा शब्दसुद्धा पोर्तुगिजांबरोबर आलेला. तिने मोबाइलवर नकाशा उघडला, आधी आपलं गाव शोधलं, मग समुद्र ओलांडून ब्राझील! प्रश्नांची नुसती सरबत्ती. अर्थात, मराठीत.

ताईला म्हटलं, शाळा बघायला जाशील तेव्हा एवढंच बघ: पोरांना प्रश्न विचारू देतात का? घरच्या भाषेला हसत नाहीत ना? आणि वेगळ्या जातीधर्माचं, वेगळ्या परिस्थितीतलं मूल शेजारी बसतं का? ही तीन उत्तरं मिळाली, तर पाटीवर काय लिहिलंय ते सोड.

तुमच्या घरीही ॲडमिशनची गडबड असेल, तर हा भाग ताई-दादाला नक्की ऐकवा. भेटूया पुढच्या भागात!