आठ ठिपक्यांचा 'ळ'



टावर चौकातून येताना घड्याळाकडे दृष्टी गेली आणि १९८५ च्या सुमाराचे दिवस आठवले. 'क्लास' योजनेतून तेव्हा देशातील काही शाळांत ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो संगणक आले. स्मृती ३२ किलोबाइट, कारभार सारा इंग्रजीत. मी पाहिलेला संगणक बहुधा कुलूपबंदच असे, मोडेल म्हणून!

तरी एका विद्यार्थ्याने त्यावर 'ळ' काढला. आठ ओळी, प्रत्येकीत आठ ठिपके. ओळीगणिक एक आकडा दिला की अक्षर उमटे. शिरोरेघेने एक ओळ खाल्ली, मात्रेला जागाच उरली नाही. पण ज्या नगरीत माझ्या आडनावात सदैव 'ल' छापला गेला, तेथे तो 'ळ' पाहून माझे डोळे पाणावले.

एकॉर्न कंपनी पुढे मोडली. तिने १९८५ मध्ये घडविलेल्या 'आर्म' प्रोसेसरचे वंशज आज आपल्या खिशातील फोनांत आहेत. तिच्या 'रिस्क ओएस' प्रणालीचे मूठभर चाहते मात्र इंग्लंडात अजूनही प्रदर्शने भरवितात, जुनी यंत्रे मांडतात, नवे प्रोग्राम दाखवितात. कशासाठी, हे उज्जैनीत मराठी व्याख्यानाला जमलेल्या आपणांस मी काय सांगावे?

त्या 'ळ'चा चौकटीच्या वहीतील आराखडा मी सोबत आणला आहे. व्याख्यानानंतर अवश्य पाहावा.