बोर्ड लावणारा मीच

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांत या सोसायटीच्या सभेत मी उठलो की लोक समजायचे, काका आता हिशेबातली चूक काढणार. आज चूक माझी आहे. सचिव म्हणाले, "काका, इलेक्ट्रिक गाडीवर बोला, बरेच जण घ्यायच्या विचारात आहेत." म्हटलं, बोलतो, पण मग सगळंच बोलेन.

आधी मोडचं उरकतो. ईको मोडमध्ये पाय तेवढाच दाबला तरी गाडी बेताने उचल घेते, एसीसुद्धा हात राखून चालतो. आपल्या वयाला आणि शहरातल्या रस्त्याला तो पुरे. स्पोर्ट मोडमध्ये तीच गाडी अशी सुटते की आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्याच दिवशी बजावलं, "पुन्हा ते बटण दाबलंत तर मी रिक्षाने येईन." बॅटरीही लवकर उतरते.

खरी गोष्ट रिजनची, म्हणजे रिजनरेटिव्ह ब्रेकिंगची. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटर जनित्राचं काम करते. चाकांच्या गतीतून वीज तयार होऊन बॅटरीत जाते आणि त्या ओढीने गाडी मंदावते. माझ्या गाडीत याच्या 0 ते 3 अशा पायऱ्या आहेत. मी कायम 3 वर. बँकेतला माणूस, खर्च केलेल्यातलं थोडं परत खात्यात जमा होतंय म्हटल्यावर सोडतो कसला! दोन-तीन महिन्यांत पाय ब्रेकवर जाईनासाच झाला. लेकाला फोनवर कौतुकाने सांगितलंसुद्धा.

गेल्या जुलैत आठवडाभर पावसाची झड लागली होती. गाडी वरच्या उघड्या पार्किंगमध्ये उभी. आदल्या रात्री चार्जरला लावली, सकाळी 100 टक्के. बरं वाटलं. रॅम्पवरून उतरताना नेहमीसारखा पाय काढला, आणि गाडी मंदावेना. तेवढ्यात चेंडू आला, चेंडूमागे पोरगं. पाय ब्रेकवर जायला जो क्षण लागला तो मला अजून आठवतो. दाबला तेव्हा चाकांतून खरर्र असा आवाज आला. गाडी थांबली. पोरगं दोन हातांवर होतं.

त्याची आई धावत आली आणि मला म्हणाली, "काका, तुम्ही वेळेवर थांबवलीत." मी काही बोललो नाही. उलट पुढच्या सभेत 'रॅम्पजवळ खेळण्यास मनाई' हा बोर्ड लावायचा ठराव मीच मांडला, तो मंजूरही झाला.

नंतर गाडीचं पुस्तक काढून वाचलं. जन्मभर कर्जदारांना सांगत आलो, सही करण्याआधी वाचा, आणि स्वतः वाचलं नव्हतं! शाखेत रोकड ठेवायची एक मर्यादा असते, तसंच हे. बॅटरी काठोकाठ भरली की वीज ठेवायला जागा नाही, म्हणून रिजन कमी होतं किंवा बंदच होतं. सगळ्या गाड्यांत सारखं होत नाही. काहींत गाडी स्वतःच ब्रेक लावून ती कसर भरून काढते. आपल्या गाडीत काय होतं ते घेतानाच विचारा. मी आता रोज 80 टक्क्यांवर थांबवतो. महाबळेश्वरला रात्री चार्जिंगला लावून सकाळी पसरणीचा घाट उतरणाऱ्यांनी तर हे जरूर लक्षात ठेवावं.

आणि तो खरर्र? ब्रेकची डिस्क बिडाची. पावसात उभी राहिली की तिच्यावर गंज धरतो. पेट्रोलच्या गाडीत रोजच्या ब्रेकने तो घासून निघतो. आपण ब्रेक लावतच नाही, मग तो राहतो. दोन वर्षं व्यवहार नसलेलं बचत खातं निष्क्रिय होतं, ब्रेकला तेवढीही सवड लागत नाही. मी आठवड्यातून एकदा, मागे कोणी नाही बघून, रिजन 0 वर आणतो आणि पाच-सहा वेळा ब्रेकनेच गाडी थांबवतो. गाडी धुतली की लगेच उभी करून ठेवत नाही. एक फेरी मारून, ब्रेक हलके दाबून डिस्क कोरडी करतो. निसरड्या रस्त्यावर 3 ची पायरी नको, 1 पुरे. ती ओढ सगळ्या चाकांवर सारखी नसते.

पॅड झिजत नाहीत म्हणून सर्व्हिसिंग टाळणारेही आहेत. पॅड टिकतात हे खरं, पण कॅलिपरच्या सरकत्या पिना अडकतात. त्या साफ करून ग्रीस लावून घ्या. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. गाडी किती चालली ते न बघता, पुस्तकात दिलेल्या मुदतीत बदला. माझ्या गाडीला दोन वर्षं आहेत.

तो बोर्ड अजून आहे. अध्यक्षमहाराज, तो काढावा असं लेखी पत्र मी कालच कार्यालयात दिलंय. त्याऐवजी रॅम्पच्या तोंडाशी एक गतिरोधक आणि बहिर्गोल आरसा बसवावा. आरशाचे पैसे मी देतो. त्या मुलाची आई इथे बसलेली आहे, तिलाही ही हकिगत आजच कळते आहे.