‘तारे ज़मीन पर’ आणि आमच्या घरातली पाटी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चार माणसांपुढे उभे राहून बोलण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. हळदीकुंकवाची तयारी करायची, वर्धापनदिनाला मसालेभाताचे पातेले सांभाळायचे, ही माझी नेहमीची कामे. शिक्षण सातवीपर्यंत. पण गेल्या महिन्यात मंडळात आपण सर्वजणींनी ‘तारे ज़मीन पर’ हा चित्रपट पाहिला. नंतर चहा घेताना मी काही बोलून गेले, आणि चिटणीसबाईंनी धरून ठेवले की हेच सगळ्यांपुढे बोला. चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

चित्रपट २००७ च्या डिसेंबरातला. अमोल गुप्ते यांनी लिहिला, आमीर खान यांनी दिग्दर्शित केला, आणि दर्शील सफारी या मुलाने ईशानचे काम केले. हा ईशान तिसरीत नापास होऊन पुन्हा तिसरीतच बसलेला. अक्षरे त्याच्या डोळ्यांपुढे नाचतात, उलटी होतात. वडील म्हणतात, हा आळशी आहे, मुद्दाम करतो. थोरला भाऊ वर्गात पहिला, म्हणून याच्यावर अधिकच राग. शेवटी त्याला दूर वसतिगृहाच्या शाळेत टाकतात. ते चित्रण आपल्या पाचगणीचे. तिथे निकुंभ नावाचे चित्रकलेचे मास्तर येतात आणि मुलाचे दुखणे ओळखतात, कारण लहानपणी त्यांनाही तेच होते.

त्या दिवशी पदर डोळ्यांना लावला नाही अशी एकही बाई सभागृहात नव्हती. पण माझे रडणे निराळे होते. ते आज सांगते.

माझा धाकटा चौथीत होता तेव्हाची, २०१३ सालची गोष्ट. तोंडी विचारा, सगळे येई. डोंबिवलीपासून ठाण्यापर्यंतची स्टेशने ओळीने सांगे. घरातला बंद पडलेला पंखा खोलून पुन्हा जोडी. पण वही उघडली की संपले. ‘घर’चे ‘धर’, ‘भात’चे ‘मात’. तीनचा आकडा काढायला सांगितला की सहा काढी. बाई लाल शाईने वही भरून पाठवीत. शेजारणीचा मुलगा त्याच वर्गात. त्याचे गुण कळले की माझ्या डोक्यात तिडीक जाई. भगिनींनो, मी त्याला लाटण्याने मारले आहे. एकदा रात्री दहापर्यंत उपाशी बसवले, शुद्धलेखनाचे एक पान बरोबर येईना म्हणून. सासूबाई म्हणाल्या, “अगं, भाकरी तरी खाऊ दे त्याला.” मी त्यांनाही बोलले.

त्याच वर्षी हा चित्रपट घरी टी.व्ही.वर लागला. त्यात निकुंभ सर ईशानच्या घरी येतात, वडिलांच्या हातात परक्या लिपीचा एक खोका देतात आणि म्हणतात, वाचा. ते म्हणतात, येत नाही. तर सर उलट त्यांनाच दटावतात, की तुम्ही मुद्दाम करता, उर्मटपणा करता. माझा मुलगा माझ्याकडे वळून एवढेच म्हणाला, “आई, मला पण तसंच दिसतं.” त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढे ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंनी शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाचे नाव सांगितले. डोंबिवलीहून धीमी लोकल धरून मी त्याला घेऊन चार खेपा घातल्या. डोळे, कान तपासले, बुद्धीची चाचणी झाली, वाचायला-लिहायला लावले. निदान झाले अध्ययन अक्षमता. वाचण्यालिहिण्याच्या या प्रकाराला डिस्लेक्सिया म्हणतात. डॉक्टरांनी समजावले की बुद्धी चांगली आहे. हा मतिमंदपणा नव्हे आणि आळसही नव्हे. अक्षर आणि आवाज यांची सांगड घालण्याचे मेंदूचे काम निराळ्या रीतीने चालते. औषधाची गोळी नाही, पण शिकवण्याची पद्धत बदलली की मूल शिकते.

निकुंभ सर वाळूत अक्षरे काढून घेतात, मातीचे आकार करवतात, ते तुम्ही पाहिलेच. आम्ही परातीत रवा पसरला. सासूबाई म्हणाल्या, “ही तर आमची धूळपाटीच की!” त्याच त्याला बोटाने गिरवायला लावीत, मोठ्याने म्हणवून घेत. वर्षभराने ‘घ’ आणि ‘ध’ वेगळे झाले.

आपल्या महाराष्ट्रात १९९६ पासून अशा मुलांना परीक्षेत सवलती मिळू लागल्या. जादा वेळ, लेखनिक असे काही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही अध्ययन अक्षमतेचे नाव आहे. पण सवलतीला प्रमाणपत्र लागते आणि त्यासाठी आधी मुलाला घेऊन जावे लागते. “लोक काय म्हणतील” म्हणून पुष्कळ आया तिथेच अडतात. मीही महिनाभर अडले होते.

चित्रपटाबद्दल माझी एक तक्रार मात्र आहे. ईशान शेवटी चित्रांच्या स्पर्धेत पहिला येतो, सगळे टाळ्या वाजवतात. माझ्या मुलाला चित्रकला येत नाही. तो कसल्याही स्पर्धेत पहिला आला नाही. दहावीला जेमतेम पास झाला, आय.टी.आय. केली, आता कल्याणला मोटारी वाइंडिंग करतो. पहिला आला तरच मूल मायेला पात्र, असे ईशानच्या वडिलांना वाटे. मग पहिला आल्यावर माया करण्यात आपण वेगळे काय केले? न येणाऱ्या मुलांनाही जवळ घ्यावे लागते.

आता शेवटचे. डॉक्टरांनी विचारले होते, घरात आणखी कोणाला असा त्रास होता का, कारण हे पुष्कळदा घराण्यात चालत येते. मी नाही म्हणाले. घरी येताना गाडीत आठवले, सातवीनंतर माझी शाळा सुटली ती “हिच्या डोक्यात काही शिरत नाही” म्हणून. अजूनही वाणसामानाची यादी मी मुलीकडून लिहवून घेते. हे भाषणदेखील मी बोलत गेले आणि चिटणीसबाईंनी उतरून घेतले. मला कोणी तपासले नाही, म्हणून नाव देत नाही. पण ज्या मारासाठी मी आईवर आयुष्यभर रागावले, तोच मार मी माझ्या मुलाला दिला.

भगिनींनो, निकालाच्या दिवशी कोणाच्या घरातून मुलाच्या रडण्याचा आवाज आला तर दार वाजवा. आणि कोणाला शीवला जायचे असेल तर मला सांगा. रस्ता मला पाठ आहे, मी बरोबर येईन.