उलव्यात मध्यस्थ कोण?



नवी मुंबईच्या उलव्यात भांडण लागतं ते गाडी लावण्यावरून, पाण्यावरून, नाही तर जत्रेतल्या लाउडस्पीकरवरून. पण दोन मिनिटांत विषय भलतीकडे जातो. एक म्हणतो, ‘जमीन आमची!’ दुसरा म्हणतो, ‘कर्ज काढून घर घेतलंय, फुकट राहत नाही.’ आणि खोटं दोघांपैकी कुणीच बोलत नसतो.

गाववाल्याचं दुखणं जुनं आहे. 1970 मध्ये शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको आली आणि 95 गावांच्या जमिनींवर नवं शहर उभं करायचं ठरलं. जानेवारी 1984 मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. जासई, दास्तान फाट्याच्या पोलीस गोळीबारात पाच जणांचा बळी गेला, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळण्याची वाट मोकळी झाली. पुढे विमानतळ आला. उलव्याचा डोंगर कापला, नदीचा प्रवाह वळवला, गावंच्या गावं उठली. हा हिशेब सिडकोकडे मागायचा. तो तिसऱ्या मजल्यावरच्या बिहारी, मल्याळी किंवा घाटावरच्या भाडेकरूकडून कसा वसूल होणार? म्हणून मध्यस्थानं आधी निवड करावी. शेजाऱ्याशी मिटेल ती तक्रार एकीकडे, सिडकोच्या दारात न्यायची ती दुसरीकडे. दुसऱ्या ढिगासाठी फ्लॅटवालेही गाववाल्यांबरोबर येतील. पाणी त्यांनाही हवंच आहे.

पण हे करायचं कुणी? उलवे ना नवी मुंबई महापालिकेत, ना पनवेल महापालिकेत. दार ठोठावायला नगरसेवकच नाही. गावकी आपलं आपल्यात मिटवते, सोसायटी आपलं आपल्यात. दोघांच्या मधे उरतात ते पोलीस.

भिवंडीत पोलिसांनीच वाट काढली होती. 1984 च्या दंगलीत होरपळलेल्या त्या शहरात, 1988 नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. त्यांत हिंदू आणि मुसलमान दोघेही होते, तेही गल्लीतले साधे लोक. दंगल नसताना ते रोजच्या किरकोळ तक्रारी घेऊन एकत्र बसत. 1992-93 मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. नाही तर आपल्याकडच्या शांतता समित्या! सणाच्या आदल्या दिवशी चहा, फोटो आणि पांगापांग.

तेव्हा सोसायट्यांच्या सचिवांनो, गावकीच्या कारभाऱ्यांनो, पुढच्या जत्रेची वाट पाहू नका. याच महिन्यात एकदा बसा, आणि पहिला विषय पाण्याचा घ्या.